आल्फ्रेड वेर्नर

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातांत बसत नाहीं. बोटें पांचच, त्यांचा क्रमहि तोच. तरी एक हात दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब आहे. असाच भेद धातूंच्या संयुगांतहि असतो, हें ज्यांनीं सिद्ध केलें, त्या आल्फ्रेड वेर्नर यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

वेर्नर यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजीं अल्सास प्रांतांतील म्युलूझ येथें झाला. तो प्रांत तेव्हां फ्रान्सचा होता. १८७१ सालीं तो जर्मनीकडे गेला. उच्च शिक्षणासाठीं वेर्नर स्वित्झर्लंडमध्यें झुरिक येथें गेले व १८९० सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. पुढें तेथेंच ते प्राध्यापक झाले.

त्या काळीं कोबाल्ट धातु व अमोनिया यांच्या रंगीबेरंगी लवणांनीं रसायनशास्त्रज्ञांस कोड्यांत टाकलें होतें. कोपनहेगनचे प्राध्यापक योर्गेनसेन हे अशीं लवणें करण्यांत अत्यंत निष्णात. अमोनियाचे घटक सांखळीप्रमाणें एकमेकांस जोडलेले असतात, असें त्यांचें मत होतें. १८९३ सालीं, वयाच्या २६ व्या वर्षीं, वेर्नर यांनीं निराळें मत प्रसिद्ध केलें. रात्रीं दोन वाजतां त्यांस जाग आली व दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांचपर्यंत ते लिहीतच होते, असें सांगतात. मध्यें कोबाल्टचा परमाणु, चारी बाजूंस चार घटक, एक वर व एक खालीं, अशी ती रचना होय.

आतां चार अमोनिया व दोन क्लोरीन असतील, तर क्लोरीन एकमेकांशेजारीं तरी येतील किंवा समोरासमोर तरी. म्हणजे एकाच घटकांचीं दोन लवणें निघालीं पाहिजेत. हिरवें लवण ठाऊक होतें. दुसरें कोणीं पाहिलें नव्हतें. प्रतिपक्षाचा आक्षेप हाच. अखेर १९०७ सालीं तें जांभळें लवण वेर्नर यांच्या हातीं आलें, आणि योर्गेनसेन यांनीं मोठ्या मनानें आपलें मत सोडलें.

तथापि याहून कठीण कसोटी उरली होती. रचना खरी असेल, तर कांहीं संयुगें उजव्या-डाव्या हातांसारखीं जोडीनें असावींत, आणि एकाच प्रतलांत कंप पावणारा प्रकाश एकानें उजवीकडे व दुसऱ्यानें डावीकडे वळवावा. १९११ सालीं व्हिक्टर किंग या अमेरिकन शिष्याच्या साहाय्यानें वेर्नर यांनीं अशी जोडी वेगळी केली. १९१३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तरीहि संशयी लोक म्हणत कीं, हा गुण त्या संयुगांतील कार्बनाचा असेल. म्हणून १९१४ सालीं त्यांनीं कार्बनाचा लेशहि नसलेलें संयुग घेऊन त्याचीं दोन्ही रूपें निराळीं करून दाखविलीं. मग शंकेस जागा राहिली नाहीं. १५ नोव्हेंबर १९१९ रोजीं, त्रेपन्नावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, झुरिक येथें त्यांचें देहावसान झालें.

कल्पना एका रात्रींत सुचली. ती सिद्ध करण्यास मात्र वीस वर्षें लागलीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं वेर्नर यांजकडून हा चिकाटीचा धडा घ्यावा, आणि पुराव्यापुढें मान लवविण्याचा थोरपणा योर्गेनसेन यांजकडून शिकावा.