सर फिलिप गेम : विमानदलांतून गव्हर्नरपदावर

ऑस्ट्रेलियांतील न्यू साऊथ वेल्स या राज्याची राजधानी सिडनी. तेथें १३ मे १९३२ रोजीं गव्हर्नर सर फिलिप गेम यांनीं, लोकांनीं निवडून दिलेल्या मुख्य प्रधानास अधिकारावरून दूर केलें. गव्हर्नरांच्या मनांत त्या गृहस्थाविषयीं द्वेष असता, तर ही हकीकत सामान्य ठरली असती. परंतु द्वेष मुळींच नव्हता, उलट आपुलकीच होती. आणि म्हणूनच हें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेम यांचा जन्म इंग्लंडांतील सरे परगण्यांत ३० मार्च १८७६ रोजीं झाला. वूलविच येथील लष्करी विद्यालयांत शिकून ते १८९५ सालीं तोफखान्यांत दाखल झाले. बोअर युद्धांत व पुढें पहिल्या महायुद्धांत त्यांनीं कामगिरी केली. १९१६ सालीं जनरल ट्रेन्चर्ड यांच्या हाताखालीं विमानदलाच्या मुख्य कचेरींत त्यांची नेमणूक झाली. आकाशांत पराक्रम गाजविणाऱ्या वैमानिकांचीं नांवें मुलांच्या तोंडीं असतात. परंतु विमानें व माणसें वेळेवर जागच्या जागीं असावींत म्हणून कचेरींत रात्र रात्र जागणाऱ्याचें नांव कोणी घेत नाहीं. गेम हे त्या दुसऱ्या वर्गांतले. १९२२ सालीं ते एअर व्हाइस मार्शल झाले, व हिंदुस्थानांतील शाही विमानदलाचें आधिपत्य कांहीं काळ त्यांजकडे होतें. १९२९ सालीं ते विमानदलांतून निवृत्त झाले.

१९३० च्या मे अखेर ते गव्हर्नर म्हणून सिडनीस उतरले, तो काळ मोठा कठीण होता. जगभर मंदी पसरली होती. लोंकर व गहूं यांचे भाव कोसळले होते. १९३२ पर्यंत तर दर तीन कामगारांत सुमारें एक बेकार झाला. १९३० च्या ऑक्टोबरांत मजूर पक्षाचे जॅक लँग निवडून येऊन मुख्य प्रधान झाले. विलायतेंतील सावकारांस व्याज देण्याआधीं आपल्या उपाशी लोकांकडे पाहिलें पाहिजे, असें या धिप्पाड व हट्टी पुरुषाचें मत होतें. आणि फेब्रुवारी १९३१ मध्यें हें व्याज थांबविण्याची योजना त्यांनीं मांडली. ज्यांच्या घरीं कर्जाचा कागद आहे, त्या पालकांस या प्रश्नांतील दुःख आम्हीं समजावून सांगावयास नको.

लँग यांस घालवावें म्हणून धनिक मंडळींनीं गव्हर्नरांस पुष्कळ भरीस घातलें. गेम बधले नाहींत. वरिष्ठ सभागृहांत आपले सभासद नेमावे ही लँग यांची मागणी त्यांनीं आरंभीं नाकारली, पण नोव्हेंबर १९३१ मध्यें २५ सभासद नेमले. प्रतिष्ठित लोक त्यांजवर रुष्ट झाले. मंत्र्यांचा सल्ला, तो रुचो वा न रुचो, मानावा अशी त्यांची समजूत होती.

१९ मार्च १९३२ रोजीं सिडनीच्या बंदरावरील प्रचंड पुलाचें उद्घाटन होतें. लँग यांनीं फीत कापावी, तों डी ग्रूट नांवाचा एक विरोधक घोड्यावरून आला व त्यानें तलवारीनें ती आधींच तोडली! फीत पुन्हां बांधावी लागली. मुलांस याचें हसूं येईल. परंतु शहर किती तापलें होतें तें यावरून दिसतें.

राज्याचें थकलेलें व्याज मध्यवर्ती सरकारनें भरलें होतें. तें वसूल करण्यासाठीं त्या सरकारनें राज्याचा महसूल थेट ताब्यांत घेण्याचा कायदा केला. लँग यांनीं आपल्या अधिकाऱ्यांस लेखी हुकूम दिला कीं, पैसा त्या सरकारच्या हवालीं करूं नये. येथें गेम थांबले. मंत्र्याचें धोरण चुकलें, तर मतदार त्याचा न्याय करतील. पण मंत्रीच सरकारी नोकरांस कायदा मोडावयास सांगूं लागला तर? हुकूम कायदेशीर असल्याचें दाखवावें अथवा तो मागें घ्यावा, असें त्यांनीं लँग यांस कळविलें. लँग यांनीं दोन्ही गोष्टी नाकारल्या. राजीनामा मागितला, तोही त्यांनीं दिला नाहीं. मग बडतर्फीचा हुकूम निघाला. दंग्याची भीति होती. पण लँग शांतपणें कचेरी सोडून घरीं गेले. ११ जूनच्या निवडणुकींत मतदारांनीं नवे मुख्य प्रधान स्टीव्हन्स यांस मोठें बहुमत दिलें.

कायद्याचा अर्थ ठरविणें हें न्यायालयाचें काम, गव्हर्नरांनीं घाई केली, असें म्हणणारे विद्वान आहेत, व त्यांचें म्हणणें आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. १९७५ सालीं गव्हर्नर जनरल केर यांनीं ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान व्हिटलम यांस दूर केलें, तेव्हां हा वाद पुन्हां पेटला. तथापि निकालानंतर गेम यांनीं आपल्या सासूबाईंस लिहिलेलें पत्र आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. लँग आपणांस आवडत, त्यांच्या ध्येयांविषयीं आपणांस सहानुभूति होती, हें काम करणें जिवावर आलें होतें. पण न करावें तर गव्हर्नराचें पद म्हणजे निव्वळ सोंग ठरलें असतें, असा त्यांतील भाव आहे. आवडत्या विद्यार्थ्यास शिक्षा करण्याचा प्रसंग ज्यावर आला आहे, त्या शिक्षकास हें पत्र चटकन् समजेल.

जानेवारी १९३५ मध्यें गेम यांनीं सिडनी सोडली. त्याच वर्षीं ते ट्रेन्चर्ड यांच्याच जागीं लंडनचे पोलीस कमिशनर झाले, आणि बाँबवर्षावाच्या रात्रींसुद्धां तें काम करीत १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले. ४ फेब्रुवारी १९६१ रोजीं केंट परगण्यांतील सेव्हनओक्स येथें, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. लँग त्यांच्यामागें आणखी चौदा वर्षें जगले.