पोरका कारागीर : विल्हेल्म मायबाख

नागपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागला, की पारा ४५ अंशांच्या घरात जातो, डांबर मऊ पडते आणि भर दुपारी सीताबर्डीसारख्या गजबजलेल्या भागातही सामसूम होते. अशा वेळी वर्धा मार्गावर कडुनिंबाच्या सावलीत, पुढचे झाकण उघडून उभी असलेली एखादी मोटार तुम्ही पाहिली असेल. गाडी तापली, एवढेच आपण म्हणतो आणि पुढे जातो. परंतु ती दररोज का तापत नाही, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर एका पोरक्या मुलाच्या चरित्रात दडलेले आहे.

इंजिनात इंधन जळते. त्या उष्णतेचा काही भागच चाकांना गती देण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता बाहेर काढून द्यावी लागते. इंजिनातील हलत्या भागांमध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. तेल अतोनात तापले, की ते पाण्यासारखे पातळ होते, थर तुटतो आणि धातू धातूवर घासू लागतो. मग मोठ्या कष्टाने घडविलेले यंत्र थोड्याच अवधीत निकामी होते. म्हणून यंत्राला चालविण्याइतकेच त्याला थंड राखण्याचेही महत्त्व आहे. हे ज्याने ओळखले, त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी एका सुताराच्या घरी विल्हेल्मचा जन्म झाला. तो पाच भावांपैकी एक होता. त्याच्या वयाला दहा वर्षे होतात न होतात, तोच आई आणि वडील दोघेही वारले. मुलांना पोसणारे कोणी उरले नाही. नातलगांनी वर्तमानपत्रातून लोकांच्या दयाबुद्धीला आवाहन केले. रॉइटलिंगेन येथील एका सेवाभावी संस्थेने विल्हेल्मला आश्रय दिला.

या संस्थेत मुलांना केवळ अन्नवस्त्र मिळत नसे, तर हाताला कामही मिळे. तेथे यंत्रांचा कारखाना होता. संस्थेच्या चालकांनी या अबोल मुलाच्या हातातील कसब हेरले आणि त्याला यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण दिले. दिवसभर काम आणि फावल्या वेळात गणिताचा व रेखाटनाचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. १८६३ साली गोटलीब डाइमलर नावाचे तरुण अभियंते त्या कारखान्याचे प्रमुख म्हणून आले. रत्नाची पारख रत्नपारख्यालाच असते. विल्हेल्मची बुद्धी त्यांनी ओळखली आणि पुढे जेथे जेथे ते गेले, तेथे तेथे त्यांनी त्याला आपल्याबरोबर नेले. बारा वर्षांनी लहान असलेला हा सहकारी त्यांचा आयुष्यभराचा सोबती ठरला.

१८८२ साली दोघांनी कानस्टाट येथे स्वतंत्रपणे काम सुरू केले. त्या काळची इंजिने अवजड आणि मंदगती असत. हलके आणि वेगवान इंजिन तयार करावे, हा या दोघांचा ध्यास होता. डाइमलर यांच्या बागेतील वनस्पतिगृहात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. दारे बंद, रात्रंदिवस ठोकण्याचे आवाज! येथे खोटी नाणी पाडली जात असावीत, असा माळ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना खबर दिली. पोलिसांनी आत शिरून पाहिले, तो तेथे केवळ हत्यारे आणि यंत्रांचे भाग! १८८३ साली येथेच त्यांचे वेगवान इंजिन फिरू लागले.

दोन वर्षांनी हे इंजिन त्यांनी एका लाकडी दुचाकीला बसविले. डाइमलर यांचा मुलगा तिच्यावर बसून निघाला. परंतु वाटेत बैठकीनेच पेट घेतला, कारण इंजिनाची तापलेली नळी नेमकी तिच्याखाली होती. वेग साधला होता. उष्णतेला आवर घालणे अद्याप साधले नव्हते.

मायबाख यांनी या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. १८८९ सालच्या मोटारीत त्यांनी चौकटीच्या पोकळ नळ्यांमधूनच थंड करणारे पाणी खेळविले. वेगळा भाग नाही, वेगळा खर्च नाही. जे होते त्यालाच दुसरे काम दिले! परंतु इंजिनांची शक्ती वाढत गेली, तशी ही युक्ती अपुरी पडू लागली. मोटारींना पाण्याचा मोठा साठा वाहून न्यावा लागे. पाण्याचे ओझे वाढले, की वेग घटे.

मार्च १९०० मध्ये डाइमलर यांचे निधन झाले. ज्यांनी बोटाला धरून पुढे आणले, तेच गेले. त्याच सुमारास एमिल येलिनेक या धनिकाने अधिक शक्तिमान आणि वेगवान मोटारीची मागणी कारखान्याकडे नोंदविली. सारा भार आता एकट्या मायबाख यांच्यावर येऊन पडला. दुःख गिळून ते कामाला लागले.

आपल्या घरी आजोबा चहा बशीत ओतून पितात, हे तुम्ही पाहिले असेल. चहा तेवढाच असतो. परंतु बशीत तो पसरतो, त्याला अधिक हवा लागते आणि तो लवकर निवतो. मायबाख यांनी नेमके हेच तत्त्व योजिले. त्यांनी ६ मिलिमीटर रुंदीच्या ८०७० लहान चौकोनी नळ्या एकत्र जुळविल्या. नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्या मधल्या अरुंद फटींतून गरम पाणी फिरे. ती जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसे. जेथे पूर्वी १८ लिटर पाणी लागत असे, तेथे आता ९ लिटर पुरू लागले. वारा तर फुकटच होता! येलिनेक यांनी या मोटारीला आपल्या लहान मुलीचे नाव दिले : मर्सिडीज. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत तिने सर्वांना मागे टाकले आणि मोटारीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

१९०७ साली मायबाख यांनी तो कारखाना सोडला. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. तरीही ते स्वस्थ बसले नाहीत. आपला मुलगा कार्ल याच्या साहाय्याने त्यांनी १९०९ साली विमाननौकांची इंजिने बनविणारा कारखाना उभारला. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या कारागिराला पुढे स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. कानस्टाट येथे, ज्या दफनभूमीत डाइमलर विसावले, तेथेच त्यांनाही चिरविश्रांती मिळाली.

आजच्या मोटारींची रचना पुष्कळ बदलली आहे. परंतु पुढच्या बाजूस वाऱ्याला सामोरी असणारी ती जाळी अजून बहुतेक इंजिनांच्या मोटारींत आहे. ती निगा मागते, पैसा नव्हे. जाळीत अडकलेली धूळ, पाने आणि किडे हलक्या हाताने धुऊन काढावेत. पाणी व तेल यांची पातळी पाहावी. तेल वेळच्या वेळी बदलावे. आणि गाडी तापलीच, तर सावलीत थांबून तिला निवू द्यावे. तापलेल्या जाळीचे झाकण मात्र कधीही उघडू नये, कारण आतील उकळते पाणी अंगावर उसळते.

पुढच्या वेळी नवतपाच्या उन्हात एखादी मोटार निर्वेधपणे धावताना दिसली, तर तिच्या पुढच्या जाळीकडे क्षणभर पाहा. ज्याला स्वतःचे घर उरले नव्हते, अशा एका मुलाला कोणीतरी आसरा दिला, कोणीतरी विद्या दिली आणि कोणीतरी त्याच्यावर विश्वास टाकला. त्या उपकारांची फेड त्याने साऱ्या जगाला केली.