साकिची तोयोदा : मागाचा शोधक

टोयोटा हे नाव आज कोणास ठाऊक नाही? आमच्या विद्यार्थ्यांपैकी लहानातला लहानही रस्त्याने जाणारी मोटार पाहून तिचे कुळ सांगतो. परंतु ज्या घराण्याच्या आडनावावरून हे नाव निघाले, त्याचा मूळ पुरुष मोटारींचा कारागीर नव्हता. तो एका सुताराचा मुलगा होता, आणि त्याने आपले सारे आयुष्य कापड विणण्याच्या मागापायी वेचले. त्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे देत आहो. टोयोटाच्या गाडीस आज जी पत आहे, तिचे मूळ कारखान्याच्या जाहिरातीत न शोधता या मागाच्या लाकडांत शोधावे, असे आमचे मत आहे.

साकिची तोयोदा यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी जपानातील यामागुची या खेड्यात झाला. हे खेडे हल्ली शिझुओका प्रांतातील कोसाइ शहरात मोडते. वडील इकिची शेती सांभाळून सुतारकाम करीत. आई एइ इतर शेतकरणींप्रमाणे घरच्या मागावर कापड विणी. मुलाचे शाळेतील शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही, व तो वडिलांच्या हाताखाली रंधा मारू लागला. पुढे पुष्कळ गोष्टी घडल्या. पण सुताराच्या मुलास विणकाम करणारी आई असावी, या एका योगातून त्या सर्व निघाल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तो काळ जपानात मोठ्या उलथापालथीचा होता. साकिची वर्षाचे होण्याच्या सुमारास शोगुनांची सत्ता जाऊन मेजी बादशहांची राजवट सुरू झाली. परदेशी सूत व कापड बंदरांतून येऊन पडू लागले. सॅम्युएल स्माइल्स या इंग्रज ग्रंथकाराच्या स्वावलंबनावरील पुस्तकाचे जपानी भाषांतर तरुणांच्या हाती फिरत होते. त्याचा साकिचींवर फार परिणाम झाला असे सांगतात. हेच पुस्तक आपल्याकडील शाळांतूनही एके काळी पुष्कळ वाचले जाई, हे जुन्या पिढीच्या वाचकांस आठवत असेल. १८८५ साली जपान सरकारने शोधकास त्याच्या शोधाचा हक्क देणारा कायदा केला. त्या वेळी साकिची अठरा वर्षांचे होते. ज्याच्याजवळ पैसा नाही, विद्या नाही, कुळाचे वजन नाही, त्यानेही केवळ डोके चालवून देशाच्या उपयोगी पडावे असा मार्ग त्यांस या कायद्यात दिसला.

आरंभी त्यांचे डोके भलतीकडेच गेले. इंधनावाचून अखंड चालणारे यंत्र बनविण्याच्या खटपटीत त्यांनी काही काळ घालविला. अशी खटपट करणारे प्रत्येक देशात होऊन गेले आहेत, आणि कोणासही यश आले नाही. त्यातून सावरून त्यांनी घरच्या मागाकडे दृष्टी वळविली. सुतारकाम सोडून हा मुलगा दिवसभर लाकडाच्या चौकटी जोडतो व मोडतो, हे वडिलांस रुचले नाही, आणि गावाने त्याची गणना वेड्यात केली. १८९० साली तोकियो येथे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा ते तेथे जाऊन दिवसामागून दिवस यंत्रे न्याहाळीत बसले. त्याच वर्षी त्यांचा पहिला माग सिद्ध झाला, व १८९१ साली त्याचा हक्क त्यांच्या नावे नोंदला गेला.

हा माग काय होता, हे सांगितले पाहिजे. कापडात लांबीकडून ताण्याचे धागे असतात व आडवा बाणा असतो. बाणा वाहून नेणारा धोटा ताण्याच्या धाग्यांमधून एका बाजूकडून दुसरीकडे टाकावा लागतो, आणि मग फणीने तो धागा ठोकून घट्ट बसवावा लागतो. जुन्या मागावर या दोन्ही कामांत बाईचे दोन्ही हात गुंतून जात. साकिचींनी अशी योजना केली की, एका हाताने फणी मागेपुढे ओढली असता धोटा आपोआप पलीकडे जावा. एवढ्याने काम जवळजवळ दीडपट होऊ लागले, व कापडाची वीणही सारखी येऊ लागली. माग सबंध लाकडी होता. त्यात नवलाचे असे काही नव्हते; परंतु तो आईच्या थकव्याकडे पाहून बनविलेला होता.

तोकियोत या मागांवर त्यांनी स्वतःच विणकाम सुरू केले, पण तो धंदा चालला नाही. १८९४ साली त्यांस किइचिरो हा पुत्र झाला. नवऱ्याचे चित्त संसारात नाही हे पाहून पहिली पत्नी मुलाला सासरीच ठेवून निघून गेली, आणि ते तान्हे मूल आजीआजोबांनी वाढविले. थोर पुरुषांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची चाल आहे. आम्हांस ती पसंत नाही. शोधाची किंमत शोधकाने एकट्याने दिली असे क्वचितच असते. १८९७ साली त्यांनी आसाको या बाईंशी विवाह केला. या बाई व्यवहारदक्ष होत्या. पतीच्या गैरहजेरीत नागोया येथील दुकान त्यांनीच सांभाळले.

१८९६ साली साकिचींनी वाफेच्या शक्तीने चालणारा माग तयार केला. जपानी माणसाने बनविलेला हा पहिला यंत्रमाग. सांगाडा लाकडाचा आणि झिजणारे भाग तेवढे लोखंडाचे, यामुळे तो परदेशी मागापेक्षा पुष्कळ स्वस्त पडे. एका भागीदाराबरोबर त्यांनी ओतोकावा येथे हे माग बसविले. तेथील कापड मित्सुइ या बड्या पेढीकडे गेले, तेव्हा सगळे ठाण एकसारखे उतरलेले पाहून पेढीच्या लोकांस आश्चर्य वाटले, व हे कोठे विणले याची त्यांनी चौकशी केली. तोयोदा हे नाव मोठ्या व्यापारात प्रथम ऐकू आले ते असे.

यानंतर भांडवलवाल्यांशी त्यांचा संबंध आला, आणि तो सुखाचा झाला नाही. १८९९ साली मित्सुइच्या पाठबळाने कंपनी निघाली. व्यापार मंदावताच शोधाच्या खर्चास हात आखडता घेण्यात आला, व ते बाहेर पडले. १९०७ साली त्यांच्या नावाने दुसरी मोठी कंपनी निघाली. तेथेही भांडण तेच. साकिचींचा आग्रह असा की, यंत्र गिरणीत दीर्घकाळ चालवून पाहिल्यावाचून विकू नये. भागीदारांना नफ्याची घाई. १९१० साली त्यांस राजीनामा देणे भाग पडले. ज्या कंपनीवर त्यांच्या नावाची पाटी होती, तिच्यातूनच ते निघाले. वय त्रेचाळीस. ते अमेरिकेस व तेथून युरोपास गेले. तेथील माग त्यांनी बारकाईने पाहिले, आणि आपले माग फारसे मागे नाहीत एवढा विश्वास घेऊन १९११ च्या आरंभी परतले. पुढे त्यांनी आपली स्वतःची विणकामाची गिरणी काढली. शोधाला लागणारा पैसा सावकाराकडून न मागता कापड विकून मिळवावयाचा, हा त्यांचा बेत या वेळी साधला. महायुद्धाच्या तेजीत गिरणी वाढली, आणि १९२१ साली शांघाय येथेही त्यांनी गिरणी घातली.

आता त्यांच्या मुख्य शोधाकडे येऊ. यंत्रमागाचा एक दोष असा की, तो आंधळा असतो. धागा तुटला तरी माग चालतच राहतो व वाईट कापड विणीत जातो. म्हणून प्रत्येक दोनचार मागांपाशी एक माणूस डोळ्यांत तेल घालून उभा करावा लागे. साकिचींनी मागाला जणू डोळे दिले. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची पातळ पट्टी टांगलेली असे. धागा तुटला की पट्टी खाली पडे आणि माग जागच्या जागी थांबे. बाणा तुटला तरी तसेच. शिवाय धोट्यातील सूत संपत आले की, माग न थांबता नवा धोटा आपोआप आत येई. किइचिरो आता तोकियोच्या विद्यापीठातून यंत्रशास्त्राचे पदवीधर होऊन आले होते, व इतर सहकारीही होते. या सर्वांच्या श्रमाने १९२४ साली हा स्वयंचलित माग पूर्ण झाला. विक्रीस काढण्यापूर्वी करिया येथे तो मोठ्या संख्येने प्रत्यक्ष चालवून पाहण्यात आला. १९२६ साली तेथेच मागांचा कारखाना उभा राहिला. १९२९ साली इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांस घेण्याचा करार केला. पुढे मंदीत ही रक्कम कमी करून घेण्यात आली, हा भाग निराळा. मुंबईच्या गिरण्यांतील जुनी यंत्रे ज्या प्लॅट कंपनीने पुरविली, तीच ही. यंत्रविद्येत जे देश शिष्य समजले जात, त्यांपैकी एकाकडून गुरूने हक्क विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. अशा मागांवर एकच कामकरीण तीस तीस माग पाहू शके. मग उरलेल्यांनी काय करावे? जपानात स्त्रियांच्या रात्रपाळीला १९२९ साली बंदी झाली. थोड्या हातांत अधिक काम उरकण्याची मालकांस तेव्हा निकड होतीच, व या मागाने ती भागली. आपल्याकडे मुंबईत १९२८ साली गिरणीकामगारांनी सुमारे सहा महिने जो प्रचंड संप केला, त्याच्या मुळाशी विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावे ही योजना हेही एक कारण होते. आईचे कष्ट हलके करण्यासाठी जे सुरू झाले, ते दुसऱ्या कोणा आईची मजुरी घालविण्यास कारण झाले की नाही, याचा हिशेब साकिचींच्या चरित्रकारांनी फारसा मांडलेला नाही. आमच्या मते तो मांडला पाहिजे. मात्र त्याबरोबर हेही लिहिले पाहिजे की, दिवसभर एका धाग्याकडे टक लावून उभे राहणे हे माणसाचे काम नव्हे, ही त्यांची समजूत खरी होती.

उतारवयातही त्यांची कल्पना दूर धावत असे. १९२५ साली त्यांनी दहा लाख येनांचे बक्षीस लावले. शंभर अश्वशक्ती छत्तीस तास पुरवील व विमानातून पॅसिफिक ओलांडता येईल इतका हलका असेल, असा विजेचा साठवणघट जो करील त्यास ते मिळावयाचे होते. जपानच्या भूमीत तेल नाही, पण नद्यांचे पाणी व त्यापासून होणारी वीज आहे, असा त्यांचा विचार. ते बक्षीस कोणासही मिळाले नाही. आज जगातले सारे मोटारवाले याच घटाच्या पाठीमागे लागलेले आहेत.

३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची वारले. प्लॅटकडून आलेला पैसा त्यांनी मुलाच्या हाती देऊन त्यास मोटारी बनविण्यास सांगितले, ही कथा फार प्रसिद्ध आहे. इतिहासकार ती जशीच्या तशी मानीत नाहीत. एवढे निश्चित की, १९३३ साली किइचिरोंनी मागांच्या कारखान्यातच मोटारीचे खाते उघडले. १९३५ साली निघालेल्या पहिल्या मालमोटारी वारंवार बिघडत, व त्या दुरुस्त करण्यास कारखान्याचे लोक धावत. १९३६ साली नावाकरिता स्पर्धा लावली असता सुमारे सत्तावीस हजार सूचना आल्या, आणि तोयोदाचे टोयोटा झाले. जपानी लिपीत हे नाव आठ रेघांत लिहून होते, व आठ हा आकडा तेथे शुभ मानतात. १९३७ साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. १९५० साली ती बुडण्याच्या बेतास आली. कामगार कमी करावे लागले, संप झाला, आणि किइचिरोंनी जबाबदारी घेऊन पद सोडले. दोनच वर्षांनी, १९५२ साली, ते वारले. १९५७ साली अमेरिकेस पाठविलेल्या गाड्यांचा तेथील रुंद, वेगवान रस्त्यांवर दम टिकला नाही, व त्या मोटारींची निर्यात काही काळ थांबवावी लागली.

टोयोटाची पत बसली ती यानंतर, आणि ती बसविण्यात ताइइची ओनो या गृहस्थाचा वाटा मोठा होता. ते मूळचे तोयोदांच्या कापडगिरणीतले. दोष दिसताच माग थांबतो, मग मोटारीचे काम का थांबू नये, असा विचार करून त्यांनी साध्या कामगारासही सगळी रांग थांबविण्याचा अधिकार दिला. बिघाड झाकून गाडी पुढे ढकलण्यापेक्षा काम थांबविणे स्वस्त पडते, हे जगाला पटावयास बराच काळ लागला. १९६६ साली निघालेली कोरोला गाडी देशोदेशी गेली, आणि २००८ साली विक्रीत टोयोटाने अमेरिकेच्या जनरल मोटर्सला मागे टाकले. लगेच उलटही झाले. २००९ व २०१० साली वेग आवरत नसल्याच्या तक्रारींवरून लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, व साकिचींचे पणतू आकिओ यांस अमेरिकेच्या लोकसभेपुढे उभे राहून क्षमा मागावी लागली. या दोषांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ साली कंपनीने तेथील सरकारास १२० कोटी डॉलर भरले. धागा तुटल्याचे दिसत असता माग चालू ठेवला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

आपल्या देशात हे घराणे आले ते किर्लोस्करांच्या भागीदारीने. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, म्हणजे ते साकिचींहून दोनच वर्षांनी लहान, आणि त्यांचाही आरंभ लोखंडी नांगरासारख्या शेतकऱ्याच्या घरच्या वस्तूपासून झाला. बंगळूरजवळील बिडदी येथे मोटारी बनविण्यासाठी या दोन घराण्यांची कंपनी १९९७ साली निघाली, व २००० साली तिची क्वालिस ही पहिली गाडी रस्त्यावर आली. त्यापूर्वी दोन वर्षे, १९९५ साली, त्यांनी बंगळूर भागातच दुसरा एक कारखाना काढला होता. त्यात सूत कातण्याची यंत्रे बनत.