गाणे घराघरांत नेणारे पंडित विष्णु दिगंबर

आपल्या आळीतली एखादी सून दुपारी पेटी पुढे घेऊन गायनाच्या परीक्षेचे पलटे घोटू लागली, तर आज सासूबाईंना त्यात काही वावगे वाटत नाही. उलट त्याच चार शेजारणींना कौतुकाने सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी असे घडणे कठीण होते. मराठी घरात ओव्या होत्या, भूपाळ्या होत्या, मंगळागौरीची गाणी होती, पण तंबोरा नव्हता. रागदारी शिकलेली बाई म्हणजे कलावंतीण, असे समाजाने ठरवूनच टाकले होते. पुरुषांचीही गत फार निराळी नव्हती. गवई म्हटला की तो कोणा संस्थानिकाचा आश्रित. त्याचे गाणे ऐकावे, त्याला बिदागी द्यावी, पण त्याला पंक्तीला बसवू नये, अशी रीत. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र आपल्या भगिनींपुढे ठेवीत आहे.

विष्णुबुवांचा जन्म श्रावणी पौर्णिमेला, 18 ऑगस्ट 1872 रोजी कृष्णाकाठच्या कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. तेव्हा टाळ-मृदंगाचा नाद कानावर पडतच मूल वाढले. पुढे दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि मुलाच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. पुस्तकी शिक्षण तेथेच खुंटले. दृष्टी अधू झाली तरी गळा चांगला होता, म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजविणारे ते हेच बाळकृष्णबुवा. त्यांची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून आलेली, आणि वासुदेवबुवांची ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्यातली. ही परंपरा वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या काळची तालीम म्हणजे गुरुगृही राहून सेवा करण्याची. गुरूच्या मर्जीला येईल तेव्हा, येईल तेवढे मिळायचे. चीज कागदावर उतरवून घेण्याची सोय नव्हती. जे कंठात राहील ते आपले. विष्णुबुवांनी सुमारे बारा वर्षे अशी काढली. मिरजेच्या राजेसाहेबांची त्यांच्यावर मर्जी होती. एकदा गावातल्या कसल्याशा समारंभाचे बोलावणे त्यांना आले, पण गुरुजींना आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की गुरुजी पडले गवई, त्यांना कशाला बोलवायचे? हा प्रसंग त्यांच्या मनाला फार लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्वतःच्या मानापेक्षा गुरूचा अपमान त्यांना अधिक झोंबला.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. सातारा, बडोदे करीत ते काठेवाडात गेले. तेथे त्यांनी एक नवी गोष्ट केली. दरबारात हजेरी लावण्याऐवजी तिकीट लावून लोकांपुढे गाणे केले. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्यातला फरक मोठा आहे. दरबारात कोणी ऐकावे ते राजा ठरवी. येथे चार आणे हाती असलेला कोणीही माणूस पुढे येऊन बसू शकत होता. पुढे गिरनार, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. मथुरेस राहून त्यांनी हिंदी आणि व्रजभाषा शिकून घेतली. जे गातो त्याचा अर्थ कळलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

5 मे 1901 या दिवशी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. ना मराठी वस्ती, ना पाठीशी कोणी संस्थानिक. सारा कारभार लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. पहिले कित्येक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. बुवा रोज ठरल्या वेळी वर्ग उघडीत, तंबोरा जुळवीत आणि एकटेच गात बसत. हळूहळू माणसे येऊ लागली. मग प्रार्थना, हजेरी, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीदान असा शाळेचा सारा थाट त्यांनी गाण्याला दिला. स्वतःची स्वरलिपी बसवली, छापखाना काढला, ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके छापली. जी चीज मिळविण्यासाठी पूर्वी वर्षभर उस्तादाची चिलीम भरावी लागे, ती आता पुस्तकात वाचता येऊ लागली. घराणेदार गवयांना हे मुळीच रुचले नाही. पुस्तकातून का कधी गाणे येते, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. परंतु सगळेच विद्यार्थी गवई व्हावेत ही बुवांचीही अपेक्षा नव्हती. गाणे कळणारा कान समाजात तयार व्हावा, एवढे त्यांना पुष्कळ होते.

फी देण्याची ऐपत नसलेल्या मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. या मुलांनी विद्यालयातच राहायचे, जेवणखाण बुवांकडे, आणि शिक्षण पुरे झाल्यावर गावोगाव जाऊन गाणे शिकवायचे, असा करार असे. भडोचकडचे ओंकारनाथ ठाकूर हे असेच गरिबीतून आलेले. कोवळ्या वयातच लाहोरच्या विद्यालयाची धुरा त्यांच्यावर आली. पुढे 1950 साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच होते. एकेकाळी ज्या विद्येला पंक्तीत पाट मिळत नव्हता, तिला विश्वविद्यालयात आसन मिळाले, ते या वाटेने.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. बुवांनी स्त्रियांसाठी निराळे वर्ग काढले आणि स्वतःच्या घरातल्या स्त्रियांनाही गाणे शिकविले. घरंदाज मुलीला गाण्याच्या वर्गाला धाडायचे, तर लोकांची तोंडे बंद करणे भाग होते. त्यासाठी त्यांनी पुष्कळ जुन्या बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढले आणि त्या जागी भक्तीचे शब्द घातले. सुरांना हात लावला नाही. तुलसीदास, सूरदास, मीरा यांची पदे रागांत बांधली. मुलीने गायचे ते देवाचे, मग बापाला नाही म्हणायला तोंड उरेना. युक्ती मोठी नामी होती, आणि ती लागू पडली.

पण तिची किंमतही कोणीतरी दिली, हे मला येथे लिहिले पाहिजे. ज्या कलावंतिणींच्या घरी ठुमरी-ख्याल पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला होता, त्यांच्यासाठी हा वर्ग नव्हता. त्यांच्यापासून गाणे वेगळे काढले, तेव्हाच ते आपल्या घरात आले. तसेच विद्यालयाचे एकंदर वळण हिंदू आश्रमासारखे. ज्या खाँसाहेबांच्या घराण्यातून बुवांची स्वतःची विद्या आली, त्यांच्या वंशजांना तेथे कितपत आपलेपणा वाटला असेल? बुवांच्या मनात कोणाविषयी आकस होता असे मी म्हणत नाही. त्या काळी एकाच झटक्यात सगळ्यांना आत घेता आले असते, असेही नाही. तरी आपण ज्या दाराने आत आलो, त्याच्या बाहेर कोण राहिले, हे आपल्याला ठाऊक असावे. चरित्रे लिहिणारी मंडळी हे पान बहुधा उलटून जातात.

1908 साली बुवांनी मुंबईस विद्यालय काढले. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत बांधली आणि तिच्यापायी कर्ज झाले. जलशांचा पैसा सारा त्यात ओतला तरी फिटेना. व्यवहाराची बाजू त्यांना कधी जमलीच नाही. शेवटी इमारत लिलावात गेली. त्यापुढे त्यांचे मन रामनामात अधिक रमले. भगवी वस्त्रे घालून ते नाशिकच्या आपल्या रामनाम आधार आश्रमात राहू लागले. महात्माजींच्या प्रार्थनेतून देशभर गेलेली रामधून त्यांच्याच चालीची.

संसाराचे सुख मात्र फारसे लाभले नाही. बारा अपत्यांतले एकच हाती लागले. त्या माउलीने, रमाबाईंनी, हे कसे सोसले असेल ते चरित्रग्रंथांतून फारसे कळत नाही. 21 ऑगस्ट 1931 रोजी, जेथे गाणे शिकले त्या मिरजेतच, बुवांनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपल्याकडच्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद अशा परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या. वडील गेले तेव्हा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यास 1932 साली गांधर्व महाविद्यालय काढले होते. तेथे त्याचे गाणे तयार झाले. 1935 साली, चौदाव्या वर्षी, जालंदरच्या हरवल्लभ संमेलनात तो प्रथम गायला. डी. व्ही. पलुसकर म्हणून पुढे साऱ्या देशाने त्याला ऐकले. 1955 साली, ऐन उमेदीत, तोही गेला.