जेरुसलेमच्या वाटेवरचा महाकवी

इसवी सन ११४१ मधील मे महिना. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात एक जहाज अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबले होते. वार्धक्याकडे झुकलेले एक ज्यू वैद्य त्या जहाजावर कित्येक दिवसांपासून मुक्काम करून होते. किनाऱ्यावरील स्नेह्यांचा त्यांनी इजिप्तमध्येच राहावे असा आग्रह होता. त्यांचे मन मात्र जेरुसलेमकडे लागले होते. हे प्रवासी म्हणजे मध्ययुगीन हिब्रू काव्याचे शिरोमणी येहुदा हालेवी.

हालेवी यांचा जन्म सुमारे १०७५ ते १०८५ या काळात उत्तर स्पेनमध्ये झाला. तुदेला हे त्यांचे जन्मगाव असावे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तरुणपणीच ते ग्रॅनाडाला गेले आणि तेथे ज्येष्ठ कवी मोशे इब्न एझ्रा यांनी त्यांची प्रतिभा ओळखली. प्रेम, मद्य, मैत्री आणि भक्ती अशा सर्व विषयांवर त्यांनी लेखणी चालविली. पुढे तोलेदो येथे वैद्यकीचा व्यवसाय करताना धन आणि मानसन्मान त्यांना भरभरून मिळाला.

तथापि, भोवतालचा काळ अस्थिर होता. स्पेनमध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम सत्तांचा संघर्ष पेटलेला होता आणि ज्यू समाज दोहोंच्या कात्रीत सापडला होता. १०९९ मध्ये क्रुसेडच्या सैन्याने जेरुसलेम जिंकून तेथील मुस्लिम व ज्यू रहिवाशांची कत्तल केली. ज्यूंना त्या नगरीत वास्तव्य करण्यासही मनाई झाली. ११०८ मध्ये खुद्द स्पेनमध्ये एका वजनदार ज्यू अधिकाऱ्याची हत्या झाली. त्याच्या स्वागतासाठी गौरवगीत रचणाऱ्या हालेवी यांच्यावर शोकगीत लिहिण्याची वेळ आली. राजदरबारांच्या आश्रयावरील त्यांचा विश्वास हळूहळू उडत गेला.

या मंथनातून ‘कुझारी’ हा ग्रंथ आकाराला आला. ज्यूंच्या अरबी बोलीत लिहिलेला हा पाच भागांचा संवाद ११४०च्या सुमारास पूर्ण झाला. खजर राजाने ज्यू धर्म स्वीकारल्याच्या कथेवर तो बेतलेला आहे. स्वप्नात राजाला कळते, की त्याचा हेतू ईश्वराला मान्य आहे, पण आचरण नाही. मग तो तत्त्वज्ञ, ख्रिस्ती, मुस्लिम आणि अखेरीस ज्यू पंडिताला प्रश्न विचारतो. एका प्रश्नात राजा भारतातील लोकांच्या प्राचीनत्वाचाही दाखला देतो. पंडित तो फेटाळतो, हा भाग वेगळा.

‘ईश्वराने निवडलेले लोक’ म्हणजे कोण, हा या ग्रंथाचा गाभा. हालेवी यांच्या मते ईश्वराची ओळख तर्काने नव्हे, तर एका समाजाने सामूहिकरीत्या घेतलेल्या अनुभवातून पटते. शरीरात जसे हृदय, तसा राष्ट्रांमध्ये इस्राएल, असे ते मानत. परंतु हृदय सर्वांत संवेदनशील असल्याने व्याधीही त्यालाच आधी जाणवतात. म्हणजे निवड हा मिरविण्याचा मान नसून सोसण्याचा वसा ठरतो. धर्मांतर करून आलेल्याला मात्र प्रेषितपद मिळू शकत नाही, हे त्यांचे मत वादग्रस्त ठरले. त्यांच्यानंतरच्या पिढीतील थोर तत्त्वज्ञ मायमोनिदेस यांनी धर्मांतरित आणि जन्मजात ज्यू यांत भेद मानला नाही.

पवित्र भूमीचा विचारही याच सूत्राने येतो. द्राक्षवेल उत्तम असली तरी योग्य माती आणि मशागत यांवाचून ती फळत नाही. तसे निवडलेल्या लोकांना ती भूमी आणि तेथील धर्माचरण हवे. येथे राजा पंडिताला बिनतोड प्रश्न करतो. ती भूमी एवढी पवित्र आहे, तर तुम्ही तेथे का जात नाही? पंडित खजील होतो. जेरुसलेमसाठी आपण रोज करतो त्या प्रार्थना पढवलेल्या पक्ष्याच्या बोलण्यासारख्या आहेत, हे तो मान्य करतो. ग्रंथाच्या शेवटी तो जेरुसलेमला निघतो.

आपल्याच पात्राने दिलेली ही कबुली हालेवी यांना स्वस्थ बसू देईना. एकुलती कन्या, नातू, शिष्य आणि जमलेला व्यवसाय मागे ठेवून ११४० मध्ये ते निघाले. सप्टेंबरमध्ये अलेक्झांड्रियाला पोहोचताच त्यांचे जंगी स्वागत झाले. कैरो येथे भारताशी व्यापार करणारे हाल्फोन बेन नेथानेल हे त्यांचे जिवलग मित्र होते. इस्लाम स्वीकारलेल्या एका ज्यूला पूर्वधर्मात आणण्याचा प्रयत्न केल्याची तक्रारही त्यांच्यावर झाली. त्यातून ते निर्दोष सुटले.

१४ मे ११४१ रोजी, ज्यूंच्या शावुओत सणाच्या दिवशी, पश्चिमेचा वारा सुटला आणि जहाज निघाले. त्याच उन्हाळ्यात हालेवी यांचे निधन झाले. जेरुसलेमच्या वेशीवर शोकगीत गात असताना एका अरब घोडेस्वाराने त्यांना चिरडले, ही प्रसिद्ध आख्यायिका सोळाव्या शतकातील आहे. त्यांच्या अखेरच्या प्रवासाचा विश्वसनीय तपशील मिळाला तो कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील कागदपत्रांत. विसाव्या शतकाच्या मध्यास श्लोमो गोइटाइन या संशोधकाने हालेवी यांच्या हस्ताक्षरातील पत्रेही त्यांतून उजेडात आणली.

नगरीत त्यांचे पाऊल पडले की नाही, हे त्या कागदांतूनही उलगडत नाही. परंतु जेरुसलेमच्या विनाशाचा शोक पाळण्याच्या दिवशी अनेक सिनेगॉगमध्ये आजही त्यांचे विलापगीत म्हटले जाते. आपल्या ग्रंथातील राजाच्या प्रश्नाला या कवीने शब्दांनी नव्हे, तर स्वतःच्या प्रस्थानाने उत्तर दिले.