पोस्टकार्डाची कल्पना याची, पण पहिला नंबर ऑस्ट्रियाने मारला!

९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन. स्पर्धा परीक्षावाल्यांना तारीख पाठ असते, पण त्यामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो.

त्याचं नाव हाइनरिख फॉन श्टेफान. १८३१ साली प्रशियातल्या श्टोल्प गावात (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) तो जन्मला. घर साध्या कारागिराचं. सतराव्या वर्षी पोरगं टपाल खात्यात लेखनिक म्हणून चिकटलं.

१८६५ साली कार्ल्सरूहेला जर्मन राज्यांची टपाल परिषद भरली. श्टेफानने तिथे सुचवलं, की दोन ओळींच्या निरोपाला पाकीट कशाला? टपालखर्च आधीच वसूल केलेलं जाड कागदाचं कार्डच विकू. पण उघड्यावर मजकूर लिहिणं अनेकांना असभ्य वाटलं, शिवाय महसूल बुडायची धास्ती. कल्पना बारगळली. १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रियाने कार्ड काढलं आणि पहिलेपणाचा मान तिकडे गेला.

पुढच्याच वर्षी श्टेफान उत्तर जर्मन संघाच्या टपालाचा प्रमुख झाला. खुर्चीवर बसल्यावर त्याने हे काम लांबवलं नाही. १ जुलै १८७० ला एकट्या बर्लिनमध्ये ४५ हजारांवर कार्डं खपली.

तोवर परदेशी पत्राचा दर देशागणिक वेगळा, करारही वेगळे. हा गुंता सोडवायला त्याच्या पुढाकाराने १८७४ साली बर्नला २२ देश एकत्र आले. ९ ऑक्टोबरला करार झाला, तोच आजचा टपाल दिन. भारत १८७६ साली त्यात आला, आणि १८७९ साली आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड मिळू लागलं.

१८८४ पासून जर्मनीने आफ्रिकेत वसाहती बळकावल्या. मागोमाग श्टेफानच्या खात्याची टपाल कार्यालयंही गेली. सुरुवातीला तिथे मायदेशातलीच कार्डं विकली जात, वसाहतीचं नाव नसलेली. म्हणून संग्राहक आधी शिक्का बघतात. कामेरून किंवा टोगोचा शिक्का असेल तरच ते वसाहतीतलं कार्ड, नाहीतर साधं जर्मन.

पूर्व आफ्रिकेची गंमत वेगळी. तिथे रुपया चालायचा, म्हणून १८९३ पासून फेनिगच्या कार्डांवर ‘पेसा’ छापू लागले. ६४ पेसांचा एक रुपया. हा पेसा म्हणजे आपलाच पैसा!

श्टेफान ८ एप्रिल १८९७ ला बर्लिनमध्ये वारला. त्याच सुमारास इतर वसाहतींच्या कार्डांवरही नावं छापली जाऊ लागली, आणि १९०० पासून कैसरचं ‘होहेनझोलर्न’ जहाज आलं. जहाजाचं चित्र असलेलं कार्ड हाती आलं, तर ते श्टेफानने कधी पाहिलेलं नाही.