भीमेपलीकडच्या पंडिता रमाबाई



आपल्या वडगावातून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि थोड्याच अंतरावर केडगाव. तेथील मुक्ती मिशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक चर्चच्या नव्हत्या. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या सहवासात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही या रविवारी आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत. निरनिराळ्या पेशांच्या आणि विचारांच्या माणसांना एका कामाला कसे जुंपावे, आणि ते जू कधी कसे तुटते, हे त्यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. त्या काळी हा मोठाच गुन्हा! दुष्काळात आई-वडील गेले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला पंडिता ही पदवी दिली. बिपिनबिहारी यांच्याशी लग्न झाले आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी लहानगी मनोरमा होती.

पुण्यास आल्यावर 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, त्यांच्या शाळा तपासायला स्त्रिया हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. शाळा आणि दवाखाना या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत असे त्यांनी मानले नाही. पुरुष डॉक्टरपुढे तोंड न उघडणारी बाई आणि शाळेत न जाणारी मुलगी, दोघींचे दुखणे त्यांना एकच वाटले. 1886 साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम अमेरिकेस गेल्या. तेथे बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे आर्थिक मदत देण्याचे त्याने मान्य केले. अट एकच, शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पैसा अमेरिकन ख्रिस्ती लोकांचा, चालविणारी ख्रिस्ती बाई, विद्यार्थिनी बहुतेक ब्राह्मण विधवा आणि सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर! असा मेळ आजही जमणे कठीण.

तो टिकला नाही. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. हा अटीचा भंग आहे असे सल्लागारांना वाटले. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करणे आणि कोणाला दार बंद न करणे यात भंग कसला, असे रमाबाईंचे म्हणणे. 1893 साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेले. बोस्टनच्या मंडळाने मदत चालू ठेवली, परंतु पुण्यातला विश्वास गेला तो गेलाच.

चूक कोणाची? धर्मगुरू म्हणून आमचा कल रमाबाईंकडे झुकतो, हे आम्ही लपवत नाही. उघडे दार म्हणजे सक्ती नव्हे. परंतु रानडे-भांडारकरांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. लोकांनी त्यांच्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या आणि त्या शब्दाला ते बांधलेले होते. आम्हाला खटकते ते एवढेच की उघड्या दाराचा अर्थ काय, हे आधीच एकत्र बसून कोणी ठरवले नाही. अट कागदावर होती, पण ती दोघांनी दोन प्रकारे वाचली.

याच शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी 1893 सालीच धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. तुटलेल्या मेळातूनही असे दुसरे काम उभे राहिले.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः गेल्या व सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर आणावे लागले. उपाशी, आजारी, फसवल्या गेलेल्या अशा त्या बायका. एकट्या शिक्षिकेचे ते काम नव्हते. 1900 च्या सुमारास तेथे दीड हजार माणसे होती. विहिरी खोदल्या, शेती व गुरे आली, हातमाग, तेलघाणा व छापखाना आला. पुण्याच्या सुंदराबाई पवार मदतीला आल्या, अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी अब्राम्स आल्या. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींना शिकवू लागली. आणि ज्या स्वतः उपाशी आल्या होत्या, त्यांतल्याच कित्येक जणी पुढे नव्या आलेल्यांना सांभाळू लागल्या. आम्हाला ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावी देह ठेवला. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला तेथल्याच बायका शिकल्या होत्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला.